रविवारचे वचन, आठवड्याची बातमी

काही माणसे येशूकडे बातमी घेऊन आली. लूककृत शुभवर्तमानाचा 13वा अध्याय तिथूनच सुरू होतो. बातमी भयंकर होती. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच ठार मारले आणि त्यांचे रक्त त्यांच्याच बलींच्या रक्तात मिसळले. मारणारा परका राज्यकर्ता, जागा पवित्र आणि मेलेली माणसे आपली. अशी बातमी सांगणारा सांगून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबतो. आता हा काय म्हणतो?

येशू उलट विचारतो: हे गालीलकर इतरांपेक्षा जास्त पापी होते म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली, असे तुम्हांला वाटते काय? आणि उत्तरही तोच देतो, नाही. मग स्वतःहून दुसरी बातमी पुढे ठेवतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. पहिली घटना अत्याचाराची, दुसरी अपघाताची, पण दोन्हींवर त्याचे म्हणणे एकच आहे. मेलेले तुमच्याहून अधिक अपराधी नव्हते, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.

उपदेशात चालू घडामोडी आणाव्यात की नाही, आणल्या तर कशा, हा वाद मंडळ्यांमध्ये कायम चालू असतो. मी तो ऐकतो, कधी त्यात बोलतो, आणि दर वेळी या पाच वचनांपाशी येऊन थांबतो. बातमी घेऊन आलेल्यांना ‘इथे बातम्या नकोत, इथे आत्म्याच्या गोष्टी चालतात’ असे येशू म्हणत नाही. तो बातमी ऐकतो, गंभीरपणे घेतो. पण तिचा अर्थ तो मेलेल्यांच्या माथी मारत नाही. ती बातमी सांगणाऱ्याच्याच दारात नेऊन ठेवतो. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे: वचनाचा संबंध जगाशी जोडलाच पाहिजे, आणि तो बरोबर जोडला गेला की नाही हे वचनाचे बोट शेवटी कुणाकडे वळते यावरून ओळखता येते.

महामारीच्या काळातला एक रविवार माझ्या मनातून जात नाही. उपासना पुन्हा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, बाकांवर माणसे अंतर ठेवून बसली होती. उपदेशासाठी 91वे स्तोत्र होते. तुझ्या तंबूजवळ कोणतीही पीडा येणार नाही, तुझ्या बाजूला हजार पडतील, उजव्या हाताला दहा हजार पडतील, पण तुला काही होणार नाही. पाळक मनापासून बोलत होते, धीर देण्यासाठीच बोलत होते. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान त्याच आजाराने जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. ‘विश्वास ठेवणाऱ्याच्या घराला देव हात लावू देत नाही’ हे वाक्य आले तेव्हा त्यांनी हातातले पवित्र शास्त्र मिटले आणि मांडीवर ठेवले, दोन्ही हात त्यावर पालथे. उपासना संपेपर्यंत त्यांनी ते पुन्हा उघडले नाही.

त्या दिवशी वचनाचा संबंध चालू घडामोडीशी जोडला गेला नव्हता असे कोण म्हणेल? अगदी थेट जोडला गेला होता. आणि त्याच वाक्याने एका विधवेला न बोलता सांगितले होते की तुझ्या घरचा विश्वास कमी पडला. 91व्या स्तोत्रातली पुढची वचने मत्तयाच्या 4थ्या अध्यायात पुन्हा येतात, आणि तिथे ती येतात सैतानाच्या तोंडी. मंदिराच्या शिखरावर उभा करून तो येशूला म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असे लिहिलेच आहे की. येशू ते वचन खोटे ठरवत नाही, पण ते तसे वापरायला नकार देतो. शास्त्रातले वचन शब्दाला शब्द जुळवून सांगितले तरी ते चुकीचे असू शकते, हे खुद्द शुभवर्तमानच आपल्याला सांगते. उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने व्यासपीठावर चढण्याआधी हा प्रसंग एकदा आठवावा असे मला वाटते.

संकटाचा दोषी शोधण्याची ही खोड फार जुनी आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. त्या वेळी लोक चर्चमध्ये भरले होते. छपरे कोसळली, मागून समुद्र शहरात शिरला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. मग उपदेश सुरू झाले. शहरातला जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू मालाग्रीडा याने सांगितले की हे लिस्बनच्या पापांचे फळ आहे. प्रोटेस्टंट देशांतल्या उपदेशकांनी सांगितले की हे तिथल्या इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडी ठरवून माणसांना छळणाऱ्या धर्मन्यायालयाचे, फळ आहे. दोघांनाही वचने सापडली, आणि दोघांच्याही उपदेशात दोषी मात्र दुसराच कुणीतरी होता. आजही पूर येतो, युद्ध पेटते, साथ पसरते, आणि पवित्र शास्त्रातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाची पाने उलटून तारखा नि शत्रूंची नावे जुळवणारे लोक पुढे येतात. अमेरिकेतला उपदेशक विल्यम मिलर याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली होती. काहींनी शेतातली पिकेही उभीच सोडली होती. तो दिवस गेला. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही हे मार्काच्या 13व्या अध्यायातले वाक्य त्याच्या आधीही छापलेले होते, नंतरही राहिले.

ईयोबाचे मित्र मला या बाबतीत फार जवळचे वाटतात, कारण ते आपल्यासारखेच आहेत. ते येतात, मुलेबाळे, धन आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाची दशा बघून रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांचे तेवढेच वागणे बरोबर आहे. बोलायला तोंड उघडतात आणि बिघडतात. त्यांची वाक्ये सुटी काढून वाचली तर धर्माला धरूनच आहेत. पण राखेत बसलेल्या माणसासमोर ती बोलली गेली, म्हणून शेवटी देव त्यांच्यावर रागावतो. तुम्ही माझ्याविषयी खरे बोलला नाहीत, असे तो म्हणतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देवाने हे ऐकवले आहे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग उपदेशात जगाचे काही आणूच नये. तारण, प्रार्थना, सार्वकालिक जीवन यांवर बोलावे आणि घरी जावे. ‘मंडळीत राजकारण नको’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. ते बोलणाऱ्यांमध्ये भली माणसे असतात. भांडणांनी मंडळ्या फुटलेल्या त्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांची भीती मला कळते, तरी मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या विश्वासांगीकारात आपण ‘पंतय पिलाताच्या वेळेस’ असे म्हणतो, त्यात देवाच्या पुत्राच्या दुःखाशेजारी एका रोमन अधिकाऱ्याचे नाव आहे. ते कुणी गाळत नाही. फारो, अहाब, नबुखद्नेस्सर, हेरोद या राजांना वगळून हे पुस्तक वाचता येत नाही.

वगळून वाचण्याचा प्रयत्न मात्र झालेला आहे. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी पवित्र शास्त्रातले निवडक भाग वेगळे छापले गेले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला जातो ती कथा ठेवली होती. इस्राएल लोक मिसरातल्या दास्यातून सुटतात ती कथा काढून टाकली होती. दास नाही की स्वतंत्र नाही, ख्रिस्तात तुम्ही सगळे एक आहात, हे गलतीकरांस पत्रातले वचन गाळले होते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे इफिसकरांस पत्रातले वचन राहू दिले होते. ज्यांनी ती पाने काढली त्यांना वचनाची ताकद आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होती असे मला वाटते. निर्गमाचे पुस्तक मळ्यावर राबणाऱ्या माणसाच्या हाती पडले तर कुणी समजावून सांगायची गरजच उरणार नव्हती.

म्हणून मौन हे तटस्थ असते असे मी मानत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात सरकारच्या बाजूचे ख्रिस्ती लोक रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढून दाखवत: प्रत्येकाने अधिकाऱ्यांच्या अधीन असावे. 1985 मध्ये तिथल्या धर्मशास्त्र्यांनी आणि पाळकांनी कैरोस दस्तऐवज प्रसिद्ध केला. वचनाचा असा वापर त्यांनी राज्यसत्तेचे धर्मशास्त्र म्हणून नाकारला. पण त्यांनी तेवढ्यावर सोडले नाही. अन्याय तसाच ठेवून नुसता समेटाचा उपदेश करणाऱ्या चर्चनाही त्यांनी नावे ठेवली. क्षमा करा, शांत राहा, दोन्ही बाजूंनी समजून घ्या, हा उपदेश ऐकायला सात्त्विक वाटतो. आणि तो नेहमी ज्याच्या पाठीवर पाय आहे त्यालाच केला जातो.

तर मग किती बातमी आणि किती वचन? याचे माप कार्ल बार्ट या स्विस धर्मशास्त्र्याच्या आयुष्यात दिसते. 1912 मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल गावात तरुण पाळक होता. टायटॅनिक बुडाली, आणि पुढच्या रविवारी त्याने त्या दुर्घटनेवरच उपदेश केला. पुढे तो स्वतःच त्या उपदेशाला चूक म्हणत असे. 1914 मध्ये युद्ध पेटले, आणि त्याला वाटू लागले की प्रत्येक उपदेशात युद्ध आलेच पाहिजे. शेवटी एका बाईंनी येऊन त्याला विनवले की एखाद्या वेळी तरी दुसऱ्या कशावर बोला. त्या बाई बरोबर होत्या असे मी म्हणेन. युद्धाची बातमी त्यांना सहा दिवस मिळतच होती. सातव्या दिवशी त्या बातमीपेक्षा मोठे काहीतरी ऐकायला आल्या होत्या.

आणि तोच बार्ट डिसेंबर 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आलेला असताना, जर्मनीत बॉनमध्ये व्यासपीठावर उभा राहिला. वचन होते रोमकरांस पत्राच्या 15व्या अध्यायातले, ख्रिस्त सुंती लोकांचा, म्हणजे यहूद्यांचा, सेवक झाला हे. बार्टने ते वचन समजावून सांगितले: येशू ख्रिस्त यहूदी होता. काही श्रोते उठून निघून गेले. जे वचनात लिहिले आहे ते त्या वर्षी, त्या देशात मोठ्याने म्हणणे एवढेच पुरेसे झाले. टायटॅनिकवरच्या उपदेशात बातमी भरपूर होती, पण तिने कुणाला जागचे हलवले नाही. बॉनमध्ये वचन पुरतेपणी वाचले गेले आणि ते आपोआप बातमीपर्यंत जाऊन भिडले. उपदेशाची तयारी करताना आधी वृत्तपत्र उघडून मग त्याला जुळणारे वचन शोधणे आणि आधी वचनाशी झुंजून मग खिडकी उघडणे, यांत हा एवढा फरक पडतो.

पण कधीकधी बातमीच व्यासपीठावरून सांगावी लागते, हेही खरे. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो दर रविवारच्या प्रवचनात वचनाच्या विवेचनानंतर त्या आठवड्यात कोण मारले गेले, कोण नाहीसे झाले, याची माहिती देत. ते रेडिओवरून देशभर ऐकले जाई, कारण ते दुसरीकडे कुणी सांगत नव्हते. 23 मार्च 1980 च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितले की देवाच्या नियमाविरुद्ध असलेला हुकूम पाळायला कुणीही बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. जिथे मेलेल्यांची नावे घ्यायलाही बंदी असते तिथे ती नावे घेणे हाच उपदेश होतो. रोमेरो मेलेल्यांना जाब विचारत नव्हते, मारणाऱ्यांना विचारत होते, आणि ज्याची किंमत स्वतःला मोजावी लागेल असेच बोलत होते.

निवडणुकीत कुणाला मत द्यावे हे मात्र पाळकाने सांगू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याचे उत्तर सुजाण विश्वासणाऱ्यांमध्येही वेगवेगळे येऊ शकते, त्यावर देवाच्या नावाचा शिक्का मारू नये. पण खोटे बोलणे, गरिबाची मजुरी बुडवणे, परक्याला हाकलणे, निरपराध्याला मारणे यांवर शास्त्र काय म्हणते ते सांगायला कुठल्या पक्षाचे नाव घ्यावे लागत नाही. ते ऐकून एखाद्या पक्षाला टोचले तर तो वचनाचा दोष कसा?

आता घरातले बोलतो, कारण मोठ्या बातम्यांमध्ये एक सोय असते: त्या दूर असतात. याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात शेतांची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हटले आहे. मजुरीच ओरडते! यावरचा उपदेश ऐकताना मी नेहमी बड्या धनिकांचा विचार करत आलो. एकदा वचन वाचणाऱ्याने त्याला जोडून लेवीयमधले वाक्य वाचले, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. आणि अनुवाद या पुस्तकातले, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. मला एकदम आठवले की आमच्या घराचे रंगकाम करून गेलेल्या माणसाचे उरलेले पैसे दोन आठवडे माझ्याकडेच होते. मी बुडवणार नव्हतो. नुसता ‘देऊ या’ म्हणत होतो. त्याने एकदा फोन केला होता, तेव्हा मी कामात होतो. त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते: हे शब्द कानावर पडताच त्याचा तो फोनवरचा संकोचलेला आवाज आठवला. उपासना संपल्यावर घरी न जाता मी आधी त्याच्याकडे गेलो. त्या वाचनावर उपदेश झाला नव्हता. उदाहरण नव्हते, बातमी नव्हती. तीन वचने एकामागून एक वाचली गेली होती, एवढेच.

नाथान संदेष्टा दावीदाकडे जातो तेही असेच. दावीदाने उरियाची बायको घेऊन उरियाला लढाईत मारवलेले असते. नाथान राजाला एका मेंढीची गोष्ट सांगतो. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने कापून पाहुण्याला वाढली. दावीद संतापतो, असा माणूस मरणास पात्र आहे म्हणतो. दुसऱ्याच्या अन्यायावर आपल्याला किती सहज, किती खरा संताप येतो! मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. हे वाक्य नसते तर दावीदाला उपदेश फार आवडला असता.

सुटी वचने पाठवण्याची जी सवय फोनमुळे लागली आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगतो. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले वचन परीक्षेला बसणाऱ्याला, नव्या नोकरीला निघालेल्याला आपण पाठवतो. ते मुळात बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे लिहिलेले आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण तो दिवस बघायला जिवंत राहणार नव्हते. तोवर काय करा? घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हांला कैद करून नेले त्याच्या हितासाठी झटा आणि प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! मला हे सगळे पत्र त्या एका ओळीपेक्षा कितीतरी अधिक धीर देते. परक्या जागी, मनाविरुद्ध, लांबलेल्या काळात कसे जगावे हे त्यात आहे, आणि आज घर सोडून दुसऱ्या मुलखात राहावे लागलेल्या कुणालाही ते आपल्याविषयीच वाटेल.

नासरेथच्या सभास्थानातला प्रसंगही इथे आठवतो. यशयाची गुंडाळी वाचून येशू म्हणतो, हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पूर्ण झाला आहे. ‘आज’ हा शब्द त्याने स्वतःच वापरला. लोक तोवर खूश होते. पण मग तो सारफथची परदेशी विधवा आणि सुरियाचा नामान यांची आठवण देतो. देवाने त्या वेळी आपल्या लोकांना सोडून परक्यांना हात दिला होता. त्याच घडीला तेच लोक त्याला कड्यावरून लोटायला निघतात. दोन्ही गोष्टी त्यांच्याच शास्त्रातल्या होत्या, लहानपणापासून ऐकलेल्या.

91व्या स्तोत्राच्या त्या रविवारनंतर त्या बाई बरेच आठवडे दिसल्या नाहीत. नंतर येऊ लागल्या, मागच्या बाकावर बसत. एका संध्याकाळच्या छोट्या प्रार्थनासभेत वाचनाची पाळी एका वयस्कर सभासदाकडे होती. त्यांनी 88वे स्तोत्र काढले. त्यात रडणारा माणूस रडतच राहतो, देव उत्तर देत नाही, शेवटी धन्यवादही येत नाहीत. शेवट अंधारावर होतो. ते सावकाश वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक बंद केले आणि काहीच बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. बाहेर पडताना त्या बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि विचारले, ‘हे कितवे?’ त्यांनी सांगितले. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या आपले पवित्र शास्त्र उघडले, पान शोधले आणि त्यात खूण म्हणून बोटभर कागद घालून ठेवला.